क्विल्टसाठी कापडावर शाईने रंगवताना: कापड धुण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

गेले काही महिने मला सारखे एकाच प्रकारचे फोटो येतायत. एका फोटोत मन लावून रंगवलेला ब्लॉक (क्विल्टचा, म्हणजे थर देऊन शिवलेल्या गोधडीचा, एक चौकोनी तुकडा) आणि दुसऱ्यात पहिल्या धुण्यानंतरचा तोच ब्लॉक, जास्वंदीचा लाल उतरलेला आणि शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर गुलाबी डाग पसरलेला. खाली प्रश्न ठरलेला, ताई शाई खराब निघाली का? बहुतेक वेळा शाई चांगलीच असते आणि रंगकामही छान झालेलं असतं. गडबड असते ती कापड न धुता घेतल्याची, नाहीतर इस्त्री सगळा क्विल्ट शिवून झाल्यावर करायला घेतल्याची. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितेय आणि कृपा करून क्रम बदलू नका, कारण यातली काही कामं मागे जाऊन परत करताच येत नाहीत.

उदाहरणासाठी माझाच एक क्विल्ट घेते. ९ ब्लॉक, प्रत्येक तयार ब्लॉक १२ इंचाचा, प्रत्येकात एक फूल: जास्वंद, गोकर्ण, चाफा, तगर वगैरे. मधे २ इंची पट्ट्या आणि बाहेरून २ इंची बॉर्डर, म्हणजे तयार माप ४४ बाय ४४ इंच.

१. आधी शाई नीट निवडा

शाई म्हणून विकत मिळणारी प्रत्येक गोष्ट कापडावर टिकत नाही. दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवा. डायवाली शाई पाण्यात विरघळलेला रंग असते, फाउंटन पेनची शाई ही त्यातली. ती कापडावर अप्रतिम दिसते, इस्त्री कितीही फिरवली तरी धुतली की जाते. पिगमेंटवाल्या शाईत रंगाचे बारीक कण असतात आणि त्यांना धाग्याला चिकटवून ठेवणारा बाइंडर असतो, बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा. उष्णता दिली की हा बाइंडर पक्का बसतो. आपल्याला हीच हवी. बाटलीवर कापडासाठी आणि पिगमेंट असं लिहिलेलं बघूनच घ्या.

काळ्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाईबद्दल बऱ्याच जणी विचारतात. या शाया पुष्कळदा लाखेत बनवलेल्या असतात. कागदावर त्या पाण्याला दाद देत नाहीत, पण लाख क्षारात विरघळते आणि आपल्या कपडे धुवायच्या पावडरी क्षारयुक्तच असतात. शिवाय कापड कडक होतं ते वेगळंच. क्विल्टसाठी नको.

परदेशातल्या क्विल्टर मैत्रिणी त्सुकिनेकोच्या ऑल पर्पज शाया वापरतात, डरवेंटच्या इंकटेन्स पेन्सिलीही खूप चालतात. पेन्सिलीने कोरड्या कापडावर रंगवायचं आणि मग नुसत्या पाण्याऐवजी टेक्स्टाइल मीडियमने (यालाच फॅब्रिक मीडियमही म्हणतात, रंगात मिसळायचं बाइंडरवालं द्रव) ओलं करायचं, धुण्याच्या वस्तूवर नुसतं पाणी वापरलं तर रंग टिकण्याचा भरवसा नाही. चित्रकारांची पातळ अॅक्रिलिक शाईसुद्धा चालते. यातलं काहीच मिळत नसेल तर आपल्याकडचे छोट्या बाटल्यांतले फॅब्रिक कलर घ्या, ते मुळात पेंट आहेत म्हणून दाट असतात, शाईसारखे पातळ करून वापरायचे.

लक्ष द्या: पातळ करायला नुसतं पाणी ओतत बसू नका. पाणी वाढलं की बाइंडर कमी पडतो आणि मग रंग धरत नाही. माझा नियम सोपा आहे, चार थेंब रंगाला जास्तीत जास्त एक थेंब पाणी, त्यापेक्षा पातळ हवं असेल तर फॅब्रिक मीडियम.

२. कापड: सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग

१०० टक्के सुती, पांढरं, दाट विणीचं कापड घ्या. केंब्रिक किंवा बारीक पॉपलिन उत्तम. मलमलीची वीण विरळ, तिच्यात शाई लगेच फुटते आणि बारीक रेघ येतच नाही. दुकानदार प्युअर कॉटन म्हणाला तरी खात्री करा: चार धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी आला तर ते कापड अस्तराला ठेवून द्या.

आता धुणं. नवीन कापडावर खळ असते, गिरणीतलं फिनिश असतं, आणि शाई त्या थरावरच बसते, धाग्यापर्यंत पोचतच नाही. पहिल्या धुण्यात थर गेला की रंगही त्याच्याबरोबर गेला. म्हणून गरम पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा आणि थोडी पावडर टाकून अर्धा तास भिजवा, चोळून धुवा, दोनदा भरपूर पाण्यात खळबळून काढा. सॉफ्टनर नको, स्टार्च नको आणि हो, नीळ पण नको, निळीची झाक चाफ्याचा पिवळा मळवते.

आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा वापरायचा असेल तर जरूर वापरा, पन्नास वेळा धुतलेल्या सुतावर शाई फार सुंदर बसते. फक्त उजेडासमोर धरून बघा, जिथे वीण विरलीय तिथे सुई घातली की फाटणार.

थांबा आणि तपासा: सुकलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत आत शोषला तर कापड तयार. मोत्यासारखा वर बसून राहिला तर परत धुवा. ही तपासणी चारही कोपऱ्यांत आणि मधे करा.

कापायचं माप. तयार ब्लॉक १२ इंच, चारी बाजूंनी पाव इंच शिवण, म्हणजे शिवायला जाताना ब्लॉक साडेबारा इंचाचा हवा. पण आत्ता साडेबारा कापू नका! रंगवून, इस्त्री होऊन, धुवून कापड हमखास थोडं तिरकं होतं, आटतं. १४ इंचाचे तुकडे कापा. ४४ पन्ह्याचं कापड धुतल्यावर ४२-४३ भरतं, म्हणजे रुंदीत १४ चे बरोबर तीन बसतात, किनार थोडी आत आली तरी चालेल, ती नंतर कापली जाणारच आहे. नऊ तुकड्यांना दीड मीटर घ्या, उरलेलं टेस्टच्या पट्ट्यांना लागतंच.

३. चित्र उतरवणं आणि पेनांचा घोळ

कागदावर काळ्या स्केचपेनने फूल काढा, कागद खिडकीच्या काचेला चिकटवा, वर कापड, आणि सरळ गिरवा. केंब्रिकमधून छान दिसतं.

कशाने गिरवायचं हा मात्र कळीचा मुद्दा. पाण्याने जाणारं निळं पेन क्विल्टिंगवाल्या सगळ्यांकडे असतं आणि हात आपोआप तिकडे जातो. त्या पेनच्या रेघेला इस्त्री लागली की ती कायमची बसू शकते, म्हणजे इस्त्रीआधी ती पाण्याने काढायला हवी. पण आपली शाई इस्त्रीनंतरच पक्की होते, त्याआधी पाणी लावलं तर शाईच जाईल. म्हणजे दोन्हीकडून अडकलात. मी स्वतः असा एक पूर्ण ब्लॉक घालवलाय, तगरीच्या पांढऱ्या पाकळ्यांभोवती निळी कड कायमची राहिली आणि तो ब्लॉक पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. शाईच्या कामात हे पेन वापरू नका. जांभळं, हवेने उडणारं पेनही नको.

उष्णतेने पुसली जाणारी फ्रिक्शन पेनं इस्त्रीत रेघ घालवतात खरी, पण खूप थंडीत, शून्याच्या बरंच खाली, ती रेघ परत दिसायला लागते. क्विल्ट कॅनडातल्या भाचीला पाठवणार असाल तर हे आठवा.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती टोकदार केलेली साधी पेन्सिल, अगदी हलक्या हाताने, जेमतेम दिसेल इतकी. पांढऱ्या फुलाला रेघ पाकळीच्या बाहेरच्या अंगाला घ्या, बॅकग्राउंडच्या रंगाखाली ती झाकली जाते.

काळी आउटलाइन कायमची हवी असेल तर कापडासाठीच्या पिगमेंट पेनने ती आधी काढा, सुकवा, इस्त्री करून पक्की करा, आणि मगच आत रंग भरा. उलट केलंत तर ओल्या रंगात काळं फुटतं.

४. कापड ताणणं आणि टेस्टची पट्टी

एक ड्रॉइंग बोर्ड किंवा जाड पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक, त्यावर कापड, आणि चारी बाजूंनी मास्किंग टेप. टेप फक्त बाहेरच्या पाऊण इंचावर, जो भाग नंतर कापला जाणार आहे तिथेच. अमेरिकेतल्या मैत्रिणींना फ्रीझर पेपर मिळतो, तो चकचकीत बाजू कापडाकडे करून इस्त्रीने मागे चिकटवला की कापड कागदासारखं ताठ राहतं. आपला बटर पेपर तसा चिकटत नाही, प्रयत्न करू नका. खाली वर्तमानपत्रही नको, ओलं झालं की छपाईची शाई वर येते.

आता टेस्टची पट्टी, जी कुणीही करत नाही! त्याच धुतलेल्या कापडाची पट्टी घ्या, प्रत्येक रंगाचे दोन ठिपके द्या, एक नुसता आणि एक जेल घालून (जेलचं पुढे सांगते), बाजूला पेन्सिलीने नाव. सुकवा, इस्त्री करा, पट्टी उभी अर्धी कापा, एक अर्धी साबणाने धुवा आणि सुकल्यावर दोन्ही शेजारी ठेवा. कोणता लाल धरतो, कोणता जातो ते तिथेच कळतं आणि ओला रंग सुकल्यावर किती फिका होतो तेही. एक दिवस जातो, पण नऊ ब्लॉक वाचतात.

५. रंगवणं

पातळ शाई सुती धाग्यातून पळते. तिला आवरायला कोरफडीचं जेल वापरायचं. बाजारातलं पारदर्शक, शक्यतो बिनरंगाचं, तेल नसलेलं घ्या. कुंडीतली कोरफड कापून नको, तिच्या सालीखालचा पिवळा चीक डाग देतो आणि गराच्या गुठळ्या राहतात. एक चमचा जेलमध्ये शाईचे तीन-चार थेंब, इथून सुरुवात करा. रंग गडद हवा तर शाई वाढवा, फार फुटतोय वाटलं तर जेल वाढवा. जेलने शाई जागेवर थांबते आणि तुम्हाला रंग ओढायला, फिका करायला वेळ मिळतो. फॅब्रिक कलर मीडियमने पातळ केला असेल तर जेलची गरज बहुतेक पडत नाही.

ब्रश थोडा कडक, सिंथेटिक, चपटा. ब्रश शाईत बुडवला की आधी जुन्या कापडावर टिपा, मग चित्रावर. नव्वद टक्के डबकी न टिपलेल्या ब्रशमुळे होतात. पाकळीच्या कडेपासून जरा आत सुरुवात करा आणि रंग कडेकडे ढकला, कडेवरच ब्रश टेकवला तर शाई रेघेबाहेर जाते. अगदी बारीक जागेला कानातल्या कापसाच्या काडीचं टोक घट्ट पिळून वापरा, छान काम होतं.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. शाई पारदर्शक असते, गडदावर फिका दिसत नाही. पांढरा रंग म्हणजे कोरं कापड, तो आधीच ठरवून सोडायचा.

जास्वंदीला पहिला हात फिका गुलाबी-लाल, पूर्ण पाकळीभर. तो हाताला लागणार नाही इतका सुकला की देठाकडून गडद लाल, बाहेर येताना ब्रशचा जोर कमी करत. तिसरा हात फक्त पाकळ्या एकमेकींवर येतात त्या सावलीत. तुरा सगळ्यात शेवटी, सगळं पूर्ण वाळल्यावर.

चाफ्याचं उलट. तिथे पिवळ्याची कड दिसता कामा नये, म्हणून पाकळी आधी नुसत्या जेलने ओलसर करा आणि मध्यावर पिवळा टेकवा, बाहेरच्या बाजूला तो आपोआप विरत जातो. हे बघायला मला अजूनही इतकं आवडतं की चाफ्याचे ब्लॉक मी नेहमी शेवटी ठेवते.

गोकर्णाला निळा दाट भरा, मधला पांढरट-पिवळा डोळा सोडून. तगरीला फुलाला हातच लावायचा नाही, भोवतीची हिरवी पानं रंगवा, फूल आपोआप उठून येतं, मग पाकळीच्या मुळाशी अगदी फिक्या राखाडी-हिरव्याचा एक एक फटकारा.

दोन शेजारचे रंग एकदम ओले ठेवू नका. लाल पाकळी ओली असताना हिरवं पान लावलं तर मधे तपकिरी पट्टा होतो. एका ब्लॉकच्या पाकळ्या, मग दुसऱ्याच्या पाकळ्या, तोवर पहिला सुकतो, परत त्याची पानं. तीन-चार बोर्ड असतील तर काम भराभर होतं.

नको तिथे थेंब पडला तर पाण्याने चोळू नका, डाग मोठा होतो. कोरड्या कापडाने दाबून टिपा, आणि उरलेल्या डागाची कळी नाहीतर छोटं पान करून टाका.

६. सुकवणं

आडवंच. दोरीवर टांगलं की ओली शाई खाली उतरते आणि खालच्या कडेला गडद पट्टा येतो. पंखा थेट अंगावर नको, एक बाजू आधी सुकते, शाई तिकडे ओढली जाते आणि कड उमटते. कमीत कमी २४ तास. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत, मी दोन दिवस ठेवते, कारण वरून कोरडं लागतं आणि जेल आतून ओलं असतं.

थांबा आणि तपासा: हाताची मागची बाजू रंगावर ठेवा. गार लागलं तर अजून ओल आहे, इस्त्री करू नका.

७. इस्त्री: क्विल्ट शिवायच्या आधी!

हे प्रत्येक सुट्या ब्लॉकवर करायचं, पट्टी जोडायच्याही आधी. तयार क्विल्टच्या आत पॉलिस्टर वॅडिंग (वरच्या आणि मागच्या कापडामधला मऊ थर) असेल तर कॉटनच्या तापमानाची इस्त्री त्याला चपटं करते, वितळवतेसुद्धा, आणि त्या भीतीने आपण इस्त्री कमी तापवतो, मग शाई कच्ची राहते. जे फोटो मला येतात त्यातले अर्धे तरी इथलेच.

पद्धत: वाफ बंद. इस्त्रीतलं पाणी काढूनच टाका. कॉटनवर तापवा. टेबलावर जुनी सुती चादर, ब्लॉक उलटा, वर पातळ सुती कापड किंवा बटर पेपर. इस्त्री सतत हलवत एका भागावर बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ द्या, सहसा तीन ते पाच मिनिटं असतात. एका भागावर म्हणजे इस्त्रीच्या तळाएवढ्या जागेवर, अख्ख्या ब्लॉकला मिळून नाही. १२ इंचाच्या ब्लॉकचे मी चार भाग धरते, म्हणजे एका ब्लॉकला पंधरा-वीस मिनिटं जातात. घड्याळ लावा, अंदाजाने पाच मिनिटं कधीच पाच होत नाहीत. खिडकी उघडी ठेवा.

मीठ, व्हिनेगर, तुरटी: हे उपाय प्रत्येक घरात कुणीतरी सांगतंच. तुरटी नैसर्गिक रंगांना धाग्याशी बांधायला लागते, तिथे ती बरोबर आहे. पिगमेंटच्या शाईला या तिन्हींचा काही उपयोग नाही. इथे रंग बाइंडर धरतो आणि बाइंडरला उष्णता लागते. कच्चा ब्लॉक मिठाच्या पाण्यात बुडवलात तर रंग तिथेच जाईल.

८. पहिलं धुणं आणि माप

इस्त्रीनंतर लगेच धुवू नका, मी तीन दिवस थांबते. मग आधी पांढरं कापड ओलं करून रंगावर दहा वेळा घासा. कापड कोरं राहिलं तर पुढे चला. रंग आला तर पुन्हा इस्त्री, पूर्ण वेळ, आणि पुन्हा घासून बघा. दुसऱ्यांदाही आला तर ती शाई धुवायच्या क्विल्टसाठी नाही, ब्लॉक फ्रेम करून भिंतीवर लावा.

पास झालेले ब्लॉक गार पाण्यात, रिठ्याच्या पाण्यात किंवा लोकरीच्या कपड्यांच्या सौम्य लिक्विडमध्ये हलकेच धुवा, पिळू नका. जेल यातच निघून जातं आणि कापड परत मऊ होतं. सावलीत सुकवा, उलट्या बाजूने इस्त्री करा, आणि आता फूल मधोमध येईल असं बघून साडेबारा इंचांवर कापा.

९. जोडणी आणि टाके

रंगवलेल्या भागात टाचण्या खुपसू नका. शाईच्या थरात पडलेलं भोक कोऱ्या कापडासारखं बुजत नाही. शिवणीच्या पाव इंचात टाचा किंवा क्लिप लावा. उसवणं शक्यतो टाळा, म्हणजे पट्टी जोडायच्या आधी दोनदा मापून घ्या. मशीनला ८० नंबरची नवीन टोकदार सुई.

मागचं कापड चारी बाजूंनी तीन इंच मोठं लागतं, म्हणजे ५० बाय ५०. ४४ पन्ह्यात ते बसत नाही, जोड द्यावाच लागेल, कापड घेतानाच हिशोब करा. जोड बरोबर मधोमध देऊ नका, घडी तिथेच पडते आणि शिवण लवकर झिजते.

हाताने करणार असाल तर गोधडीचा धावदोरा या कामावर फार शोभतो. पण दाट रंगाच्या आत टाके घालू नका, सुई अडते आणि बोटं दुखतात. पाकळीच्या कडेबाहेर एक दाण्याएवढं अंतर सोडून टाक्यांची एक रांग घ्या, फूल वर उचलल्यासारखं दिसतं. आत फक्त एखाद-दुसरी शीर. टाक्यांच्या खुणा खडूच्या पेन्सिलीने करा, झटकली की जाते.

शिवून झाल्यावर सरळ बाजूवर गरम इस्त्री टेकवायची नाही. सुरकुती असेल तर ओलसर मलमल पसरून हाताने सारखं करा आणि रात्रभर आडवं ठेवा. धुताना गार पाणी, ब्लीच अजिबात नको, सावलीत उलटा वाळवा. कपाटात ठेवताना रंगवलेली बाजू रंगवलेल्या बाजूवर घडी करू नका, एप्रिल-मेच्या उकाड्यात अॅक्रिलिकचा थर जरासा चिकट होतो आणि दोन फुलं एकमेकांना धरतात. मधे मलमलीचा एक तुकडा घाला किंवा रंगीत बाजू बाहेर ठेवून गुंडाळी करा.